धुऱ्यावरचा तित्तर, झुडपातला लावा
झाडीपट्टीचे पक्षी : लेखांक ६

मागचे दोन लेखांक आपण पाण्याकाठी काढले. भंडारा हा तलावांचा जिल्हा, तेव्हा ते साहजिकच होतं. सारस, बदकं, बगळे यांच्याविषयी इथे कुणीही चार गोष्टी सांगतो. आज तलावाची पाळ उतरून उलट्या दिशेला, बरडाकडे जाऊ. तिथे राहणारे पक्षी आवाजाने सगळ्यांच्या ओळखीचे, पण नजरेस क्वचितच पडणारे. तित्तर, चित्तूर, लावा, दुर्वा, चकोत्री ही ती मंडळी.

इंग्रज अमदानीत शिकाऱ्यांनी या पक्ष्यांचा वेगळा गट केला. कारण सरळ होतं: बंदुकीने टिपायचे आणि खायचे पक्षी. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ॲलन ह्यूम यांनी मार्शल यांच्याबरोबर १८७९ ते १८८१ या काळात भारतातल्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंड काढले. आज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे यांची शिकार गुन्हा आहे. अंडी उचलणं, घरटं मोडणं हीसुद्धा कायद्याच्या लेखी शिकारच. ढाब्यावर ‘बटेर’ म्हणून मिळते ती पाळलेली जपानी लाव; रानातल्या लाव्याला हात लावता येत नाही. म्हणजे बंदुकीची भीती कागदावर तरी संपली. या पक्ष्यांचा आजचा प्रश्न जागेचा आहे.

त्यांना जागा लागते तरी कशी? भंडाऱ्याची जमीन नीट पाहिली तर उत्तर सापडतं. खोलगट भागात धानाची सिहार आणि मोरांड, काही ठिकाणी काळी कन्हार. जरा वर चढलं की खरडी, आणि त्याहून वर मुरमाड लाल बरड. या बरडावर धान पिकत नाही आणि सागवानही धड उभं राहत नाही. तिथे बोर, येरोणी, पळस, तेंदू, धायटी यांची खुरटी झुडपं, मधे कुसळी गवताचे पट्टे आणि त्यांच्यामधे उघडी माती असते. माणसाला ओसाड वाटणारी ही जागा तित्तराला मात्र सगळं देते. झुडपात दडायला आडोसा, गवतात घरटं आणि बी, मोकळ्या मातीत वाळवी टिपायला आणि धूळ-अंघोळ करायला जागा. यातली एक गोष्ट गेली तरी बाकीच्या दोन निरुपयोगी ठरतात. नुसतं दाट जंगल त्याला चालत नाही आणि नुसतं उघडं शेतही नाही. त्याला दोन्हींची सीमा हवी.

गटातल्या प्रत्येकाने या सीमेचा आपापला वाटा उचललेला आहे. राखी तित्तर गावाला सर्वांत जवळचा. पहाटे ‘क-ती-तर, क-ती-तर’ अशी त्याची साद सुरू झाली की दुसऱ्या धुऱ्यावरून दुसरा नर उत्तर देतो. जमिनीवर वावरणारा हा पक्षी रात्री मात्र काटेरी झाडाच्या फांदीवर चढून झोपतो. चित्तूर म्हणजे रंगीत तित्तर. त्याला उंच गवत आणि तुरळक झाडं लागतात. उन्हाळाभर तो गप्प असतो आणि पावसाळा लागला की दगडावर किंवा बुंध्यावर चढून दिवसभर ओरडतो. रानलावा टोळीने राहतो. पाय अगदी जवळ पडेपर्यंत टोळी दबून बसते आणि मग फटाक्यांची लड फुटावी तशी चारी दिशांना उडते. रात्री हीच टोळी जमिनीवर वर्तुळ करून बसते, सगळ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला, म्हणजे धोका कुठूनही आला तरी कुणाला तरी दिसावा. पावसाळी लावा नावाप्रमाणे पावसाबरोबर विणीला लागतो; त्याचा दुहेरी ‘व्हिक्-व्हिक्’ आषाढात गवतातून ऐकू येतो. हिवाळ्यात उत्तरेकडून साधा लावा येऊन त्याच रानात मिसळतो. चकोत्री यांच्यापासून जरा फटकून असते. कोका, नागझिऱ्याच्या बाजूला टेकड्यांवरची बांबूची जाळी आणि खडकाळ ओढे हे तिचं घर.

या सगळ्यांत मुलखावेगळी आहे दुर्वा. दिसायला हुबेहूब लावा, पण मागचं बोट नाही, तीनच बोटं पुढे. शास्त्रज्ञ आता तिला लाव्यांच्या नव्हे, तर टिटवी-कुरव यांच्या गणात धरतात. तिच्यात मादी मोठी, रंगीत आणि भांडखोर. ती घुमणारा लांबलचक ‘ड्रर्रर्र’ आवाज काढून नराला बोलावते, अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं हे बापाचं काम. उबवणीही झटपट, बारा-तेरा दिवसांत पिल्लं बाहेर.

आता एक गोष्ट जवळून पाहू. भंडाऱ्यात धानाच्या बांधीभोवतीच्या धुऱ्यावर तूर लावायची जुनी रीत आहे. दिवाळीच्या आगेमागे धान कापलं जातं, पण तूर पुढे पौषापर्यंत हिरवी उभी असते. कापणीआधीच उभ्या धानात उतेरा पद्धतीने टाकलेली लाखोळी किंवा जवस बांधीतल्या ओलाव्यावर वर येते. त्या दिवसांत सकाळी धुऱ्याशी थांबून पाहावं. तित्तराची जोडी तुरीच्या सावलीतून बाहेर येते, मान उंच करून कानोसा घेते, गळालेलं धान आणि लाखोळीवरचे किडे टिपते. शिक्रा घिरट्या घालू लागला की चार पावलांत पुन्हा तुरीत. ती उडण्यापेक्षा पळणं पसंत करते, म्हणून लपायची जागा पळण्याच्या टप्प्यात लागते. दोन हात रुंदीचा धुरा तिच्यासाठी घर आणि रस्ता दोन्ही आहे.

पिल्लांच्या दृष्टीने धुऱ्याचं मोल याहून मोठं. मोठा तित्तर दाण्यावर जगतो, पण अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिले दोन आठवडे जवळजवळ किड्यांवरच वाढतं. नाकतोडे, मुंग्यांची अंडी, वाळवी, अळ्या यांतून मिळणारी प्रथिनं नसतील तर पंख फुटत नाहीत. हे किडे राहतात कुठे? तणावर. इंग्लंडमध्ये डिक पॉट्स या शास्त्रज्ञाने ससेक्स परगण्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या तित्तराचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, तेव्हा हीच साखळी समोर आली. तणनाशकाने तण गेलं, तणाबरोबर किडे गेले, किड्यांबरोबर पिल्लं गेली. कुणी तित्तरावर विष फवारलं नव्हतं, तरी तित्तर संपत चालले. मग तिथे शेताच्या कडेची पट्टी फवारणीविना ठेवण्याचा उपाय निघाला आणि अशा कडेला पिल्लं जास्त जगू लागली.

आपल्याकडे ती पट्टी आयतीच होती, धुऱ्याच्या रूपाने. आज तिच्यावरच तणनाशकाचा पंप फिरतो. हार्वेस्टर सहज वळावा म्हणून धुरे मोडून बांध्या मोठ्या केल्या जातात. कालव्याचं पाणी पोहोचलं तिथे उन्हाळी धान आलं, आणि लाखोळी-जवसाचे कोरडे दिवस त्या शेतातून गेले. शेतकऱ्याचं यात चुकतं असं नाही. दुसरं पीक त्यालाही हवंच. पण सगळं पाण्याखाली आणि सगळं फवारलेलं झालं, तर या पक्ष्यांना बरडाशिवाय आसरा उरत नाही.

आणि बरडावर काय चाललं आहे? पहिला घाव आगीचा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. आग झाडापुरती राहत नाही, झुडपात शिरते. राखी तित्तराची वीण याच सुमारास जोर धरते. त्याचं घरटं म्हणजे बुडख्याशी मातीत केलेला खळगा. उन्हाळ्यातली एक आग एका टेकाडावरची अख्खी वीण संपवू शकते. दुसरा घाव गावात मोकाट वाढलेल्या कुत्र्यांचा. तिसरा घाव बाहेरून आलेल्या रानतुळशीचा आणि घाणेरीचा. त्यांची गर्दी झाली की गवत आणि मोकळी माती दोन्ही नाहीशी होतात.

चौथा घाव चांगल्या हेतूचा आहे आणि तोच सर्वांत खोल जातो. सरकारी नकाशात अशी झुडपी जमीन बहुधा पडीक म्हणून दाखवली जाते. पडीक म्हटलं की तिथे काहीतरी केलं पाहिजे असं सगळ्यांना वाटतं, आणि करायचं म्हणजे जेसीबीने खड्डे घेऊन ओळीत झाडं लावायची. झाडं जगली तर सावलीखालचं गवत मरतं. मेली तर नुसते खड्डे उरतात. तित्तर दोन्हींत हरतो.

पूर्व विदर्भात या जमिनीला महसुली नोंदींत स्वतंत्र नाव आहे, झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ती आहे. ती वन की महसूल, हा वाद दशकानुदशकं चालला. २२ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने सर्वोच्च न्यायालयाच्याच १२ डिसेंबर १९९६ च्या वनांविषयीच्या आदेशाचा आधार घेत झुडपी जंगल हे वनच, असा निकाल दिला. १९९६ पूर्वीची घरं आणि शेती यांच्यासाठी वेगळी वाट ठेवली, आणि पर्यायी वनीकरणासाठी ही जमीन सहजासहजी वापरण्यावरही बंधन घातलं. हे शेवटचं कलम या पक्ष्यांसाठी मोलाचं आहे, कारण दुसरीकडे तोडलेल्या जंगलाची भरपाई इथल्या गवतावर झाडं लावून करायची, हा सोपा मार्ग त्यामुळे अवघड झाला.

निकालाने जमीन वाचेल, पण तिचं रूप राखणं गावाच्या हातात आहे. अकोला-वाशिम भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारधी समाजासोबत गवताळ रानं राखण्याचं काम करते. पिढ्यान्‌पिढ्या तित्तराची नस ओळखणारी माणसंच तिथे राखणदार झाली. आपल्याकडेही गुराखी, मोह वेचणारे, तेंदूपत्ता तोडणारे लोक या रानाचे जाणकार आहेत. ग्रामसभेने त्यांना सोबत घेतलं तर फार खर्च लागत नाही.

तीन गोष्टी यंदाच करता येतील. मोहाखाली आग लावण्याऐवजी झाडून घ्या किंवा जाळी पसरा. शेताचा निदान एक धुरा फवारणीविना ठेवा आणि त्यावर तूर लावा. आणि पावसाळ्यात वृक्षारोपणाचे फलक घेऊन कुणी बरडावर आलं, तर त्यांना रस्त्याकडेची आणि शाळेच्या आवारातली जागा दाखवा. झुडपी जंगलात झाडं लावू देऊ नका. ते आधीच जंगल आहे.

(पुढच्या आठवड्यात : राखाडी आणि लाल रानकोंबडा)