मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई

नौसैनिकाच्या घरच्या पत्त्यात गाव असते, तालुका असतो, कधी मारुतीच्या देवळाची खूणही असते. त्याच्या स्वतःच्या पत्त्यात मात्र ठिकाणच नसते. नाव, हुद्दा, नंबर, जहाजाचे नाव आणि खाली एक ओळ : मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. जहाज धक्क्याला असो, अंदमानला असो की शत्रूच्या किनाऱ्यासमोर, पत्ता तोच. मी टपालाची जुनी पाकिटे जमवतो आणि या एका ओळीचे मला कित्येक वर्षांपासून वेड आहे.

मी राहतो त्या बजाजनगरातून समुद्र फार लांब आहे. 1985 साली औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्यामागून ही वसाहत उभी राहिली. कामासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून माणसे आली. त्यांत सैन्यातून, नौदलातून निवृत्त होऊन आलेलेही आहेत. अशाच एका शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत ही ओळ मी पहिल्यांदा वाचली. पत्रे त्यांच्या आईने लिहून घेतलेली. आपला मुलगा नेमका कुठे आहे हे त्या माउलीला कधीच ठाऊक नव्हते, पण पत्र पोचेल याची खात्री होती.

ही खात्री पोकळ नव्हती. सगळ्या जहाजांचे टपाल फ्लीट मेल ऑफिसात एकत्र व्हायचे, जहाजवार वेगळे निघायचे आणि जहाज लागेल तिथे पोचते व्हायचे. जहाज समुद्रात असले तर ते परतेपर्यंत पत्रे थांबायची आणि मग गठ्ठ्याने हातात पडायची. उलट दिशेचे नियम कडक होते. कधी निघणार, कुठे जाणार, किती दिवसांसाठी, यातले काही लिहायचे नाही. म्हणून निघण्याआधीच्या पत्रांत युद्ध सापडतच नाही. विहिरीला पाणी किती, धाकटीची फी भरली का, मनीऑर्डर मिळाली का, एवढेच असते. मला ही पत्रे रणांगणाच्या वर्णनांहून मोलाची वाटतात. बोलायचे ते सगळे बंद असताना काळजी कशातून व्यक्त करायची, हे त्या पोरांना बरोबर कळले होते.

आधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. दोन्ही महायुद्धांत कोकणातले असंख्य खलाशी ब्रिटिश जहाजांवर होते. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात त्यांचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर आणि दुसऱ्यातल्या सहा हजारांवर भारतीय नाविकांची स्मृती तिथे जपली आहे. समुद्र हीच त्यांची कबर.

मी मात्र पुन्हा पुन्हा 1971 कडे वळतो. त्या वर्षी 15 नोव्हेंबरपासून पत्रांवर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी 5 पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. त्या काळातले पाकीट या तिकिटावरून मला लांबूनही ओळखू येते. 3 डिसेंबरला पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले, 4 तारखेच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. 8 डिसेंबरला आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका शत्रूच्या पाणबुडीच्या शोधात मुंबईहून निघाली. 9 तारखेच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे 40 सागरी मैलांवर, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने तिला बुडवले. 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत.

आता टपालाचा हिशोब करून पाहा. तेव्हा औरंगाबादला मोठी रेल्वेलाइन नव्हती. मुंबईचे टपाल मनमाडला उतरून मीटरगेजच्या गाडीत चढायचे, मग तालुका, मग खेडे. निघताना टाकलेले पत्र मराठवाड्यातल्या गावी पोचायला दोन-चार दिवस सहज लागत. म्हणजे 8 तारखेला मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दूरच्या घरी वाचले जाईपर्यंत जहाज समुद्राच्या तळाशी होते. घरून निघालेली पत्रेही तेव्हा वाटेतच असणार. दीवला चक्रतीर्थाजवळच्या टेकडीवर काचेच्या पेटीत ‘खुकरी’ची प्रतिकृती आहे. तिच्यासमोर उभा असताना माझ्या डोक्यात त्या वाटेतल्या पत्रांचाच विचार होता.

पुढच्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1972 ला, पिनकोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृतचे मोठे कवी होते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. त्यांच्या योजनेत 9 हा पहिला अंक सैन्याच्या टपालासाठी राखलेला आहे. आमच्या पिनची सुरुवात 4 ने होते, त्यावरून महाराष्ट्राचा पट्टा कळतो. 9 मात्र नकाशावर कुठेच बोट ठेवू देत नाही. पत्ता असावा पण ठिकाण कळू नये, ही जुनी गरज त्यांनी एका अंकात बसवली.

आज मराठवाड्यातली मुले नौदलात अग्निवीर होऊन ओडिशात चिल्काला शिकायला जातात आणि घरच्यांशी व्हिडिओवर बोलतात. पण हेरगिरीचे प्रकरण उघडकीस आल्यावर डिसेंबर 2019 मध्ये नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोनला बंदी घातली. जहाज निघाले की घरच्यांना वाट पाहणे आजही चुकत नाही.

वाचकांना एक विनंती. घरात अशी पत्रे असतील तर तिकिटासाठी पाकीट कापू नका. तारीख, शिक्का आणि पत्ता यांतूनच ते पत्र कुठून कुठे गेले ते कळते. पत्र पाकिटातच राहू द्या, आणि लिहिणारा कोण, कोणत्या जहाजावर होता, हे घरातल्या जाणत्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा.