परांची: चढवताना आणि उतरवताना

पावसाळा सरला की मुंबई-ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात बांबूंचे ट्रक रिकामे होऊ लागतात. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार सक्तीचं आहे. ऑडिटात गळती निघते, तडे निघतात, गंजून फुगलेल्या सळ्या निघतात. मग सभेत वादावादी होते, कोटेशनं येतात, आणि दसऱ्याच्या आसपास एके सकाळी पाच-सहा माणसं खांद्यावर काथ्याची बंडलं टाकून गेटातून आत शिरतात. पुढचे काही महिने इमारत त्यांच्या परांचीआड जाते.

रहिवाशांच्या तक्रारी ठरलेल्या: खिडकीत अंधार, चोराला आयता जिना, गॅलरीत धूळ. सेक्रेटरीला दिसतो तो खर्च. सुरक्षिततेचा विचार झालाच तर तो गवंड्यापुरता आणि रंगाऱ्यापुरता होतो. फळी रुंद आहे ना, कठडा आहे ना, जाळी लावली ना? पण यातलं काहीच नव्हतं तेव्हाही त्याच उंचीवर एक माणूस उभा होता, परांची बांधणारा. काम संपलं की कठडा आणि जाळी उतरवून पुन्हा तोच तिथे उभा राहतो. परांचीच्या आयुष्यात सगळ्यांत धोक्याचे दिवस पहिले आणि शेवटचे, आणि कामाच्या वेळापत्रकात नेमके तेच ‘किरकोळ’ म्हणून धरलेले असतात.

बांबू या कामात टिकून राहिला तो निव्वळ स्वस्ताईमुळे नाही. सज्जा, ग्रील, एसीचा डबा, वाळत घातलेले कपडे, असं सगळं चुकवत जुन्या इमारतीभोवती चढायचं तर हवा तिथे कापता येणारा, एकट्याने पेलता येणारा बांबूच सोयीचा. सिंधुदुर्गात शेताच्या बांधावर वाढणारा माणगा यासाठी नावाजलेला आहे. त्याला काटे नसतात, तो सरळ वाढतो आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो. २०१७ साली भारतीय वन कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला आणि खासगी जमिनीतला बांबू तोडून नेणं सोपं झालं. अडचण एवढीच, की दोन बांबू कधी सारखे नसतात. तीन वर्षांच्या आतला कोवळा बांबू दिसायला जाडजूड असला तरी भार घेत नाही. आणि मागच्या तीन कामांवर उन्हापावसात राहिलेला बांबू बाहेरून ठणठणीत दिसला तरी आतून कीड लागलेला असू शकतो. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांनी बांबू आणि बल्ल्यांना बंदी केलेली नव्हती. त्या चांगल्या प्रतीच्या हव्यात, पेरांच्या गाठी बाहेर आलेल्या नकोत आणि हाताळताना हात सोलवटू नयेत म्हणून तासून घेतलेल्या हव्यात, असं त्या नियमांत म्हटलं होतं. बाकी सगळी भिस्त बांधणाऱ्याच्या नजरेवर आणि त्याच्या गाठीवर.

लोखंडी परांचीने नजरेची ही जबाबदारी बरीचशी मोजमापाकडे दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्येही वासे आणि दोरच चालत. डॅनियल पामर-जोन्स यांनी ते जोडायला धातूची पकड काढली, आणि १९१३ साली बकिंगहॅम राजवाड्याचा दर्शनी भाग नव्याने घडवण्याच्या कामावर ती वापरली गेल्याने तिचं नाव झालं. सहा वर्षांनी तिचीच सुधारलेली आवृत्ती, युनिव्हर्सल कपलर, आली. ४८.३ मिलिमीटर बाह्य व्यासाचा पाईप आज जगभर चालतो. भारतात पोलादी परांचीचं मानक १९६४ साली आलं आणि ती कशी उभारावी याची संहिता १९६७ साली. आता मोठ्या साइटवर बहुधा कप-लॉक दिसतो. त्याच्या उभ्या पाईपवर दर अर्ध्या मीटरला एक वाटी वेल्ड केलेली असते, तिच्यात चार बाजूंनी आडवे पाईप बसतात आणि वरची सरकती वाटी हातोड्याने फिरवली की चारही एका दमात आवळले जातात. सुटे नटबोल्ट नाहीत, म्हणजे वरून पडायच्या वस्तूही कमी.

पण पाईप मानकाचा असला म्हणजे परांची मानकाची झाली असं नव्हे. उभा पाईप थेट भरावाच्या मातीवर टेकवलेला किती साइटवर दिसतो! खाली पोलादी बेस प्लेट आणि तिच्याखाली जाड लाकडी फळी हवी, नाहीतर पहिल्याच पावसात एक पाय खचतो आणि वरच्या पाच थरांचा ओळंबा बिघडतो. पहिला थर पाणसळीत घ्यायला जो वेळ जातो, तो पुढे प्रत्येक थरावर वाचतो. जुने मुकादम पहिल्या थरावर दिवस घालवतात, ते आळसाने नव्हे.

खरी मेख दुसऱ्या थरापासून आहे. खालच्या फळीवर उभं राहून वरचे आडवे पाईप लावले, त्यांवर फळ्या टाकल्या, आता वर जायचं. वर कठडा नाही, कारण तो लावायलाच तर चाललोय. सगळीकडची जुनी पद्धत म्हणजे आधी चढा, मग कठडा लावा. ती मोडायला ब्रिटनच्या परांची व्यावसायिकांच्या संघटनेने कामाचा क्रम उलटा केला: वरच्या थराचा कठडा खालच्या सुरक्षित फळीवरूनच चढवायचा, आणि माणसाने पाऊल ठेवायचं ते कठड्याच्या आतच. जपानच्या कामगार मंत्रालयाने २००३ साली ‘कठडा आधी’ याच तत्त्वावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यासाठी लागणारे कठडे काही चंद्रावरून आणायचे नाहीत. खालून वर सरकवता येणारी चौकट किंवा कप-लॉकच्या वाटीत खालून अडकवता येणारा आडवा पाईप एवढ्यावर भागतं. लागतो तो क्रम बदलायचा हुकूम, आणि तो देणारा माणूस.

आपल्याकडे या प्रश्नाला उत्तर म्हणून सुरक्षा-पट्टा दिला जातो. पट्टा हवाच, आणि दोन हुकांचा हवा, म्हणजे एक हूक सोडताना दुसरा अडकलेला राहतो. पण त्याचा हिशेब क्वचितच कुणी मांडतो. दोर साधारण पावणेदोन-दोन मीटरचा. झटका शोषणारी पट्टी उसवते ती आणखी मीटरभर, कधी त्याहून जास्त. त्याखाली माणसाची स्वतःची उंची, आणि शिवाय थोडी मोकळी जागा. पायाशी हूक अडकवून पडलेल्या माणसाला जमिनीवर आदळू द्यायचं नसेल तर खाली साडेपाच-सहा मीटर मोकळे लागतात. परांचीचा पहिला थर दोन मीटरवर असतो, दुसरा चारवर. म्हणजे खालच्या दोन थरांवर पट्टा बांधलेला माणूस फोटोत सुरक्षित दिसतो, इतकंच. आणि वरच्या थरावरून पडून लटकलाच, तर त्याला लगेच खाली घ्यावं लागतं. पट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचत जातं आणि मिनिटांचा हिशेब सुरू होतो. त्याला कोण, कशाने उतरवणार, हे सकाळी काम सुरू होण्याआधी ठरलेलं असायला हवं.

परांची स्वतःच्या पायावर उभी असली तरी तोल सांभाळते ती इमारतीला धरून. अमेरिकेच्या नियमांत याचा ढोबळ ठोकताळा आहे: पायाच्या रुंदीच्या चौपटीहून उंच गेलात की ती बांधून घ्या. मीटरभर रुंदीच्या परांचीला हे बंधन दुसऱ्या-तिसऱ्या थरालाच लागू होतं. जिला बांधायचं ती भिंतही तितकी पक्की हवी. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड इथे वीजकेंद्राचा कूलिंग टॉवर चढत होता. तिथली परांची जमिनीवर उभी नव्हती. टॉवरच्याच ताज्या काँक्रीटला ती जखडलेली होती आणि थरागणिक वर सरकत होती. २७ एप्रिल १९७८ रोजी आदल्या दिवशीच्या काँक्रीटने दगा दिला. थंडीमुळे ते पुरेसं घट्ट झालं नव्हतं. वरचा थर सोलून निघाला, परांची सोबत गेली आणि ५१ कामगार गेले.

हिरव्या जाळीबद्दलही असाच गैरसमज आहे. ती पडणारा ढलपा अडवते, रस्त्यावरच्या माणसाला वाचवते, हे खरं. पण वाऱ्याला ती शिडासारखी भासते, आणि तिला इमारतीशी धरून ठेवणारे, उघड्या परांचीसाठी पुरेसे असलेले टाय जाळी लावल्यावर अपुरे पडतात. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वावटळीत हे कळतं. जाळी कशाची आहे हेही पाहायला हवं. हाँगकाँगच्या ताय पो भागातल्या वांग फुक कोर्ट वसाहतीत २६ नोव्हेंबर २०२५ रोजी दुरुस्तीखालच्या आठपैकी सात इमारती पेटल्या आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. अनेकांनी आधी बांबूला दोष दिला. तपासात मात्र आगीला न जुमानण्याच्या कसोटीत नापास झालेली जाळी आणि खिडक्यांवर लावलेले फोमचे तुकडे पुढे आले.

आता उतरवणं. बांधताना उत्साह असतो, इंजिनिअर येऊन पाहून जातो. उतरवायच्या दिवशी रंगाचं बिल निघालेलं असतं, रहिवाशांना खिडक्या मोकळ्या हव्या असतात, आणि ठेकेदाराला तोच माल दुसऱ्या साइटवर परवा न्यायचा असतो. शिवाय टायचा घोळ असतो. टाय जिथे भिंतीत गेलेला असतो तिथे भोक राहतं, ते बुजवून रंगवल्याशिवाय काम पुरं होत नाही. म्हणून रंगारी टाय आधीच सोडवून मागतो, आणि परांचीवाले उद्या उतरवायचंच आहे म्हणून सोडूनही देतात. परांची अजून दहा मजले उभी, वर माणसं, आणि इमारतीशी धरणारं काही नाही. नियम उलट आहे: वरून खाली, एकेक थर, आणि त्या थराचा टाय त्या थरासोबतच. भोक बुजवायचं तर थर उतरवतानाच, रंगाऱ्याला सोबत घेऊन. हे वेळखाऊ आहे, आणि याचा वेळ निविदेत धरलेला नसतो, कारण बहुतेक निविदांत ‘परांचीसह’ एवढा एकच शब्द दराला चिकटवलेला असतो. दर पाडून मागितला की पहिली कात्री तिथेच लागते. सोसायट्यांनी परांची उभारणं, तपासणं आणि उतरवणं ही वेगळी बाब म्हणून मांडावी, तिचे पैसे रंगाच्या पैशांत मिसळू नयेत.

उतरवताना माल फेकला जातो, तो याच घाईपोटी. सहा मीटरचा पाईप वीस किलोच्या वर भरतो. दहाव्या मजल्यावरून निसटलेला साधा क्लॅम्प जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर असतो. दोराने किंवा हातोहात साखळी करून माल खाली घेणं आणि खालचा रस्ता अडवणं, याला यंत्र लागत नाही. दोन माणसं जास्त लागतात.

अर्धवट उतरवलेल्या परांचीवर कुणी चढू नये म्हणून परदेशात शिडीच्या तोंडाशी कार्ड लावतात, हिरवं म्हणजे चढा, लाल म्हणजे नको. ब्रिटनमध्ये तपासणी दर सात दिवसांनी, अमेरिकेत प्रत्येक पाळीआधी. आपल्याकडे बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याखालच्या नियमांनी परांची उभारताना, बदलताना आणि उतरवताना जबाबदार माणूस देखरेखीला हवा असं म्हटलं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली. तिच्यात स्वतःच्या घराच्या बांधकामाला मिळणाऱ्या सवलतीची मर्यादा दहा लाखांवरून पन्नास लाखांवर गेली.

पन्नास लाखांत नाशिक-कोल्हापूरकडे दुमजली बंगला उभा राहतो. त्याच्या गिलाव्याची परांची चार-पाच मीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे पट्टा ज्या उंचीवर निरुपयोगी ठरतो नेमकी तीच. तिथे निरीक्षक येणार नाही. मालकाने मुकादमाला सांगून फळीच्या बाहेरच्या कडेला दोन आडवे बांबू बांधून घ्यावेत, एक कंबरेशी आणि एक गुडघ्याशी, गवंडी वर चढण्याच्या आधी.