दोन चाकू आणि एक खिसा

खिशात चाकू बाळगणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटातला रामपुरीवाला उभा राहतो. खटका दाबला, पाते सपकन बाहेर आणि समोरचा गारद! उत्तर प्रदेशातले रामपूर त्यापायी उगाच बदनाम झाले. खरे तर मिटता चाकू ही किती साधी, घरगुती वस्तू आहे! वाडीत फिरणारा बागायतदार, शिडीवर चढलेला वायरमन, केळव्याच्या किनाऱ्यावर डबा घेऊन गेलेले कुटुंब, या सगळ्यांनाच दिवसातून एकदा तरी ‘चाकू आहे का हो जरा?’ असे कोणाला तरी विचारावे लागते.

माझा भाचा पालघरला राहतो आणि तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. सकाळची गाडी, मध्ये उमरोळी, मग बोईसर आणि तिथून शेअर रिक्षा. सुटीच्या दिवशी घरची चिकू-नारळाची वाडी. आमचा हा टापू असाच दुहेरी आहे. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरच्या अंगाला रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आले. पण थोडे पश्चिमेला सरका, की वाड्या, कोळीवाडे आणि खारा वारा. तेव्हा भाच्याला असा चाकू हवा होता की जो सोमवारी खोक्याची पट्टी कापेल आणि रविवारी चिकू. दोन चाकू त्याच्या मनात भरले होते. ‘मामा, तुमचा जन्म देखभाल विभागात गेला. तुम्हीच सांगा, कोणता घेऊ?’

पहिला चाकू फ्रान्सचा, ओपिनेल. १८९० साली सव्वा प्रांतातल्या जोसेफ ओपिनेल यांनी तो घडवला. बीच लाकडाची मूठ, एकच पाते, बस्स. आकारांना नुसते क्रमांक. त्यातला आठ क्रमांकाचा सर्वांत खपाचा, त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे. दुसरा म्हणजे लाल मुठीचा स्विस चाकू. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला, १८९१ पासून स्विस सैनिकांना चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये हा अनेक अवजारांचा चाकू आणला. आईच्या निधनानंतर त्यांनी मालाला तिचे, व्हिक्टोरिया, हे नाव दिले. पुढे १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचे ‘इनॉक्स’ हे फ्रेंच नाव त्याला जोडले आणि व्हिक्टोरिनॉक्स झाले.

आता पहिला प्रश्न पोलादाचा. ओपिनेलचे जुन्या पद्धतीचे पाते साध्या कार्बन पोलादाचे असते. त्याला दगडावर चार हात मारले की सुरेख धार येते. पण आपल्या घरातली जुनी लोखंडी विळी आठवा. तिच्यावर आवळा चिरला की फोडी काळ्या पडतात, कारण फळातला तुरटपणा म्हणजे टॅनिन लोखंडाशी मिळून काळा रंग धरतो. कच्च्या चिकूत हे टॅनिन भरपूर. म्हणजे पाते काळवंडणार. त्याने बिघडत काही नाही, पण ओले ठेवले तर मात्र गंजणार. सातपाटी-चिंचणीच्या बाजूला खिडकीचे गजसुद्धा खाऱ्या हवेत पापुद्रे धरतात, तिथे या पात्याची काय कथा! रोज पुसून खोबरेलाचे बोट फिरवायला हवे. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असते. त्याचा अदृश्य थर पोलादाला झाकून ठेवतो. अर्थात, मिठाचे पाणी तसेच राहिले तर त्यावरही बारीक ठिपके पडतात. नावात ‘लेस’ असले तरी निष्काळजीपणाला माफी नाही.

दुसरा प्रश्न पावसाळ्याचा. ओपिनेलची लाकडी मूठ ओलाव्याने फुगते आणि पाते आत आवळून बसते, नखाने ओढून निघत नाही. सव्वातले लोक मुठीचा मागचा भाग टेबलावर ठोकून ते सैल करतात. पालघरच्या जुलैत हा ठोकण्याचा कार्यक्रम रोजचाच होईल.

पण तिसऱ्या प्रश्नावर पारडे फिरते आणि तो बोटांचा प्रश्न आहे. ओपिनेलच्या मुठीवर १९५५ पासून एक फिरती कडी आहे. पाते उघडून ती फिरवली की पाते मिटू शकत नाही. नेहमीच्या छोट्या स्विस चाकूत मात्र पाते फक्त स्प्रिंगच्या दाबावर उभे असते, त्याला कुलूप नाही. मी ज्या कारखान्यात होतो तिथे एका फिटरने अशाच बिनकुलपी चाकूच्या टोकाने पिंपाचे झाकण उचकटायला घेतले. टोक अडकले, पाते उलटे मिटले आणि तर्जनीची शीर तुटली. जखम भरली, पण ते बोट पुन्हा पुरते वळले नाही. हाताच्या कसबावर पोट असलेल्या माणसाला ही किंमत फार मोठी. चाकू कापण्यासाठी असतो, उचकटण्यासाठी नव्हे, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगत आलो.

चौथी गोष्ट कायद्याची. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गणना शस्त्रांत होते, घरगुती, शेती वा उद्योगाच्या कामाची अवजारे त्यातून वगळली आहेत. हे दोन्ही चाकू त्या मापाच्या कितीतरी आत. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली मनाई आदेश निघतात, तेव्हा सुरेही बाळगता येत नाहीत. त्या दिवसांत चाकू घरीच बरा. विमानातही तो हातातल्या पिशवीत चालत नाही. आणि गर्दीच्या डब्यात सफरचंद सोलण्याची हौस करू नये. शेजारच्याला तुमचा हेतू दिसत नाही, पाते तेवढे दिसते.

मी भाच्याला सांगितले, ‘रोजच्या बॅगेत लाल चाकू ठेव. गंजायची धास्ती कमी, स्क्रूड्रायव्हर, कात्री हाताशी, आणि तो बघून कोणी दचकत नाही. मात्र जोर लावायचे काम त्याला सांगू नकोस. पुढे ऐपत झाली की लाकडी मुठीचा घे आणि तो वाडीवर ठेव, तिथे पुसायला फुरसत असते.’ आणि दोन्हींना धार मात्र हवीच. बोथट पात्यावर माणूस जास्त जोर लावतो, मग ते घसरते आणि भलतीकडे जाते.

भाच्याने लाल चाकू घेतला. ताईने तो उघडून, मिटवून, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, ‘छान आहे रे. पण लोणच्याची कैरी काही मी यावर फोडायची नाही, तिला माझी विळीच पाहिजे!’