फरशीचा गारवा आणि उबेची निवड

दिल्ली, डेहराडून किंवा शिमला येथे हिवाळ्यातील सकाळी फरशीवर पाय टेकताच अंगावर शहारा येतो. बदलीनिमित्त महाराष्ट्रातून तेथे जाणाऱ्या कुटुंबांना तो विशेष जाणवतो. वास्तविक फरशीचे तापमान त्याच खोलीतील लाकडी पाटाहून फारसे कमी नसते. परंतु उष्णतेची अधिक चांगली वाहक असल्याने ती तळपायाची ऊब झपाट्याने शोषून घेते.

फरशीच तापविणे हा यावरील मूलगामी उपाय होय. काश्मीरमधील हमामात दगडी लाद्यांखाली लाकडे जाळून जमीन उबदार ठेवण्याची परंपरा आहे. आधुनिक पद्धतीत फरशीखाली विजेची केबल अथवा गरम पाण्याच्या नळ्या बसवितात. येथे फरशीचा दोषच गुण ठरतो. मात्र ही व्यवस्था फरशी बसविण्यापूर्वीच करावी लागते. नंतर करायची झाल्यास फरशी उखडावी लागते. म्हणून नवे घर बांधताना वा गृहकर्जाचे अंदाजपत्रक तयार करतानाच तिचा विचार व्हावा.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. १२० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटरच्या खोलीत दर चौरस मीटरला १२० वॅट धरल्यास सुमारे १.३ किलोवॅटची केबल लागेल. ती सहा तास अखंड चालल्यास सुमारे ८ युनिट वीज खर्च होईल. साधा हीटर असो वा केबल, एका युनिट विजेतून एक युनिटच उष्णता मिळते. थंड व गरम अशी दोन्ही हवा देणारा इन्व्हर्टर एसी मात्र बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणतो. त्यामुळे सौम्य थंडीत एका युनिटातून सुमारे तीन युनिट उष्णता मिळू शकते. कडाक्याच्या थंडीत हा लाभ घटतो.

भाड्याच्या किंवा फरशी आधीच बसविलेल्या घरात असा एसी आणि जमिनीवर जाड सतरंजी ही जोडी किफायतशीर ठरते. गरम हवा छताकडे जात असल्याने एसीचा झोत खाली वळवावा. याउलट, तापविलेल्या फरशीवर जाड गालिचा अंथरू नये. ऊब खालीच अडते.

कोणतीही व्यवस्था निवडण्यापूर्वी घराचा मंजूर वीजभार, अर्थिंग व गळतीरोधक स्विच यांची तपासणी परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे तर कटाक्षाने टाळावे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राणघातक असतो. वीजबिलातील बचत प्राणांहून मोलाची नाही.