उत्तर आलं नाही म्हणजे काय?

मोझरीबद्दलचाच एक गैरसमज आधी बाजूला करू, पुढचे सगळे त्याच पठडीतले आहेत. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली जिथं गुरुकुंज आश्रम उभारला, तिथली मुलं राष्ट्रसंतांच्या नावाच्या विद्यापीठात शिकत असणार, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. ते विद्यापीठ नागपूरचं, आणि त्याला हे नाव मिळालं २००५ मध्ये. मोझरी तिवसा तालुक्यात, अमरावती जिल्ह्यात. ती येते १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत, ज्याला गाडगेबाबांचं नाव आहे. पाटीवरून आतला अंदाज बांधला की असं होतं. इंग्रजीच्या एम.ए., पीएच.डी.चं नेमकं हेच झालं आहे. पाटीवर ‘इंग्रजी’ शब्द दिसतो आणि घरी, गावात, कधीकधी कॉलेजातही त्याचा अर्थ लागतो ‘फाडफाड इंग्लिश’. मग अर्ज म्हणजे इंग्रजीची परीक्षा, निकाल म्हणजे बुद्धीचा दाखला आणि उत्तर आलं नाही म्हणजे नापास, अशी साखळी तयार होते. प्रत्यक्षात हा निर्णय लायकीइतकाच, कित्येकदा लायकीपेक्षा जास्त, जागा, मार्गदर्शक आणि पैसा यांचा मेळ बसण्यावर ठरतो.

सुरुवात इंग्रजीपासूनच करू. परदेशी विद्यापीठं टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण मागतात, पण तो उंबरठा असतो. ठरलेली रेषा ओलांडली की त्या आकड्याकडे सहसा कुणी पुन्हा पाहत नाही. अमेरिकेत इंग्रजी साहित्यासाठी जीआरईची वेगळी विषयपरीक्षा असे, ती २०२१ मध्ये बंदच झाली. साधी जीआरईसुद्धा बऱ्याच इंग्रजी विभागांनी सोडून दिली. उरतं काय? गुणपत्रिका, हेतुपत्र, तीन शिफारसपत्रं आणि पंधरा-वीस पानांचा एक निबंध, ज्यात तुम्ही एखादी साहित्यकृती कशी वाचता ते दिसतं. खरं वजन त्या निबंधाचं. तो वाचणारे विभागातले प्राध्यापक असतात आणि ते उच्चार ऐकत नाहीत, युक्तिवाद पाहतात. गाइडमधून उचललेला गोळीबंद परिच्छेद त्यांना दुसऱ्या ओळीत ओळखू येतो. अडखळत लिहिलेला पण स्वतःचा मुद्दा तिसऱ्या पानापर्यंत वाचला जातो. इंग्रजीच्या क्लासवर घालवलेले सहा महिने या निबंधाला दिले असते तर बरं, असं म्हणायची पाळी म्हणूनच येते. शिफारसपत्रांचं दुखणं वेगळं आहे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही आपल्याकडची सर्रास रीत. पण तिथं पत्र शिक्षकानं स्वतः ऑनलाइन भरायचं असतं, आणि ‘विद्यार्थी मेहनती व नम्र आहे’ एवढ्यावर तिथं काहीच ठरत नाही.

‘मराठी माध्यमाच्या, खेड्यातल्या मुलाला कोण घेणार?’ हा गैरसमज जास्त खोल रुतलेला आहे. विलास सारंग आयुष्यभर मराठीत कथा लिहीत राहिले, आणि त्यांनीच इंडियाना विद्यापीठातून तौलनिक साहित्यात पीएच.डी. केली व मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवलं. मराठी त्यांच्या आड आली नाही. उलट अंगानंही पाहा. रटगर्स विद्यापीठात शिकवणाऱ्या अंजली नेर्लेकर यांचं अरुण कोलटकर आणि मुंबईच्या द्वैभाषिक कवितेवरचं पुस्तक २०१६ मध्ये अमेरिकेत निघालं. म्हणजे दोन भाषांत वावरणं हा तिकडं अभ्यासाचा विषय आहे, आणि मोझरीच्या आसपास तो अंगणात पडला आहे. समजा, एकानं हेतुपत्राची सुरुवात केली : ‘मला लहानपणापासून इंग्रजी साहित्याची आवड आहे.’ दुसरीनं लिहिलं : ‘तुकडोजी महाराजांची १९५५ ची ग्रामगीता गावात मोठ्यानं, जमून वाचली जाते; तिची ओवी कानासाठी आहे. ती इंग्रजीत छापील पानावर, एकट्या वाचकासमोर गेली की ऐकणारा गाव कुठं जातो?’ पहिलं वाक्य कुणीही लिहील. दुसऱ्यात भाषांतराचा, श्रोत्यांचा, छपाईचा प्रश्न आहे आणि त्यावर पाच वर्षं काम करता येईल. यावर कुणी म्हणेल, हे तर गावाचं भांडवल करणं झालं. भांडवल तेव्हा होतं जेव्हा पत्रात कोरडवाहू वावर, गळकं घर आणि आईचे कष्ट येतात पण प्रश्न येत नाही. हलाखीची कहाणी वाचून समितीला वाईट वाटेल. त्या माणसाला काय शोधायचं आहे ते मात्र कळणार नाही.

पैशाबाबतचा समज तर वावर विकायला लावणारा आहे. परदेशी शिक्षण म्हणजे चाळीस लाख, असं सरसकट बोललं जातं. इथं एम.ए. आणि पीएच.डी. यांची फारकत करायलाच हवी. ब्रिटनमधली एका वर्षाची एम.ए. खरंच महाग आहे. शुल्क आणि राहणं मिळून खर्च पंचवीस लाखांच्या पुढे सहज जातो आणि शिष्यवृत्त्या मोजक्या असतात. अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत पीएच.डी.ला मात्र शुल्क माफ असतं आणि वर विद्यावेतन मिळतं, बहुधा पदवीच्या मुलांना शिकवण्याच्या बदल्यात. कित्येक ठिकाणी त्यासाठी आधी एम.ए. असण्याचीही अट नसते. थोडक्यात, एम.ए.ला पैसे मोजावे लागतात आणि पीएच.डी.ला मिळतात, गावात हे उलट समजलं जातं. अर्जाचा खर्च मात्र खरा आहे. एकेका अर्जाला सत्तर ते सव्वाशे डॉलर लागतात, दहा अर्ज म्हणजे पाऊण लाखाच्या आसपास. काही विद्यापीठं हे शुल्क माफ करतात, पण ते अर्ज पाठवण्याआधी मागावं लागतं. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, दरवर्षी ७५ जणांना. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरचे विषयच वगळले. ग्रामगीतेचा जो प्रश्न एका विभागाला आवडेल, तोच या दारावर अडेल. अर्जदार तीच, प्रश्नही तोच.

आता वाट पाहण्याबद्दल. अमेरिकेतले अर्ज साधारण डिसेंबर ते जानेवारीत बंद होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरं यायला लागतात, तीही एकाच दिवशी नाही. पहिल्या पसंतीच्यांना आधी कळतं, नकार पुष्कळदा उशिरा आणि गठ्ठ्यानं येतात. या दोहोंच्या मध्ये काही जण असतात ज्यांच्याबद्दल विभागाचंच ठरलेलं नसतं, आणि त्यांना काहीच कळवलं जात नाही. म्हणून मार्चमधल्या शांततेतून नकार वाचून काढू नये. पुष्कळदा ती प्रतीक्षायादी असते. महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात मौन श्रद्धांजलीला हजारो माणसं एका क्षणी गप्प होतात, त्या मोझरीला मौनाचे वेगवेगळे अर्थ सांगायला नकोत. आपल्याकडची दिरंगाई तर आणखी बोलकी आहे. १८ जून २०२४ ला नऊ लाखांवर उमेदवारांनी नेट ही पात्रता परीक्षा दिली, दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली, पुन्हा घेतली गेली आणि निकाल लागला ऑक्टोबरात. त्या चार महिन्यांत कुणाच्या गुणवत्तेत काडीचा फरक पडला नव्हता. आणि नेट म्हणजे प्रवेश, हाही समजच. २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठी नेटचे गुण धरले जातात. जेआरएफ ही संशोधनवृत्ती नसलेल्यांना त्यांचं वजन ७० टक्के, मुलाखतीचं ३०. पण एवढं करून विभागात जागा असावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. तुमच्या विषयाच्या मार्गदर्शकाचे आठ भरलेले असले, तर नववा कितीही हुशार असो, त्या वर्षी त्याला थांबावं लागतं.

मग गुणवत्तेला काही अर्थच नाही का? आहे. कच्चा निबंध कुठंच तरत नाही, आणि सगळीकडून नकार आला तर तो आपल्या कामाबद्दल काही सांगतोय का, हे बघायलाच हवं. पण गुणवत्ता तुम्हाला शेवटच्या वीस-तीस जणांत नेऊन ठेवते. तिथून पुढं हिशोब दुसरा असतो. शिकागो विद्यापीठाच्या इंग्रजी विभागानं २०२० मध्ये जाहीर केलं की त्या फेरीत कृष्णवर्णीयांच्या साहित्य-संस्कृतीच्या अभ्यासात काम करू इच्छिणाऱ्यांनाच पीएच.डी.ला घेतलं जाईल. त्या वर्षी मध्ययुगीन इंग्रजी कवितेवर कुणी कितीही देखणा अर्ज केला असता, तरी त्याला जागा नव्हती. करोनाच्या त्याच हंगामात अमेरिकेतल्या मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या शंभरावर पीएच.डी. अभ्यासक्रमांनी नवे प्रवेशच थांबवले. अशा वेळी नकाराचं पत्र हातात धरून ‘मला इंग्रजी येत नाही’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे एसटी रद्द झाली म्हणून आपल्याला चालता येत नाही असं ठरवणं. चुलत्यांचा ‘काय झालं पोराच्या अमेरिकेचं?’ हा प्रश्न मात्र या कुठल्याच नियमात बसत नाही. त्याला ‘एप्रिलमध्ये कळेल’ एवढंच उत्तर पुरे.

एप्रिल म्हणायचं कारण, १५ एप्रिल ही तारीख पक्की आहे. अमेरिकेतल्या पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या परिषदेचा एक ठराव आहे, त्याला बहुतेक मोठ्या विद्यापीठांची संमती आहे. त्यानुसार आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला त्या तारखेआधी होकार देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. म्हणून ‘लगेच कळवा, नाहीतर जागा जाईल’ या भीतीनं घाई करू नये. आणि दोन प्रस्ताव हातात असतील तर नको असलेला उशाशी घेऊन बसूही नये. एकीनं ‘मी दुसरीकडे जातेय’ असं कळवलं की तिची जागा प्रतीक्षायादीत खाली सरकते, आणि ज्याच्याकडे महिनाभर सामसूम होती त्याला पत्र जातं. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा मोझरीत रात्रीचे अडीच झालेले असतात. ते पत्र फोनवर येऊन पडतं आणि पहाटेच्या सामुदायिक ध्यानाला अजून अवकाश असतो.