वखारीचा संगणक आणि अधिकाराची किल्ली

भिवंडी म्हटलें कीं यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. परंतु गेल्या कांहीं दशकांत या गांवाला दुसरीही एक ओळख लाभली आहे. काल्हेर, माणकोली या बाजूंना महामार्गाच्या आश्रयानें वखारींच्या रांगा उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाल्यावर राज्योराज्यीं लहान वखारी ठेवण्याचें कारण उरलें नाहीं व मोठ्या वखारींना अधिकच महत्त्व आलें. या मोठ्या वखारींत मालाची नोंद आतां चोपडींत न होतां संगणकांत होते. चोपडी लिहिणाऱ्याचें नांव विचारीत नसे. संगणक तें विचारतो, आणि प्रसंगीं ‘तुम्हांला हा अधिकार नाहीं’ असें सांगून लेखणीच काढून घेतो.

समजा, काल्हेरच्या वखारींतील एका कारकुनाची माणकोलीच्या वखारींत बदली झाली आहे. दारांत मालमोटार उभी आहे, माथाडी कामगार खोळंबले आहेत आणि पडद्यावर नकार झळकतो आहे. कारकुनाला वाटतें, यंत्र बिघडलें. वस्तुतः यंत्र अगदीं चोख काम करीत असतें.

जर्मनींत १९७२ सालीं स्थापन झालेल्या सॅप या कंपनीची प्रणाली अनेक मोठ्या उद्योगांत चालते. तिचें उदाहरण पुरेसें आहे. तींत माणसाला एकेक अधिकार सुटा दिला जात नाहीं. मालनोंद करणारा, खरेदी करणारा, देयक मंजूर करणारा अशा ‘भूमिका’ ठरवितात आणि माणसाला भूमिका देतात. भूमिकेच्या पोटांत बारीक अटी असतात: वखार कोणती, मालाची हालचाल कोणत्या प्रकारची, आणि नोंद नवी करावयाची, बदलावयाची कीं नुसती पाहावयाची. खरेदीचा माल आंत घेण्यास १०१ हा क्रमांक आहे, खराब माल काढून टाकण्यास ५५१. यांतील एकही अट जुळली नाहीं तर नकार येतो. या कारकुनाच्या भूमिकेंत वखारीचा क्रमांक अजून काल्हेरचाच आहे, एवढाच काय तो दोष.

नकार येतांच, दुसरें कांहींही करण्यापूर्वीं, एस. यू. ५३ हा संकेत द्यावा. शेवटीं कोणती तपासणी फसली, काय मागितलें गेलें आणि वापरणाऱ्याजवळ काय आहे, हें तेथें दिसतें. तें चित्रच अधिकार देणाऱ्या विभागाकडे धाडावें. ‘चालत नाहीं’ हा निरोप कोणाच्याच उपयोगाचा नसतो. क्वचित् शेवटची फसलेली तपासणी हें मूळ कारण नसतें. मग सर्व तपासण्यांचा माग काढावा लागतो. भूमिका दुरुस्त झाल्यावर एकदां बाहेर पडून पुन्हां प्रवेश करावा, कारण अधिकारांची यादी बहुधा प्रवेशाच्या वेळींच भरलेली असते. कित्येक तक्रारी एवढ्यानेंच मिटतात!

घाईच्या वेळीं मात्र दोन आडवाटा खुणावतात. पहिली, शेजाऱ्याचा परवलीचा शब्द उसना घेण्याची. १ एप्रिल २०२३ पासून भारतांतील कंपन्यांच्या हिशेबाच्या प्रणालींत प्रत्येक फेरफाराची नोंद राहणें बंधनकारक आहे व ती बंद करतां येत नाहीं. उसन्या नांवानें झालेली चूक त्या बिचाऱ्या शेजाऱ्याच्या माथीं बसते.

दुसरी वाट सर्वाधिकार देऊन टाकण्याची. गाडी तत्काळ सुटते. तक्रारही पुन्हां येत नाहीं, आणि धोका नेमका तेथेंच आहे. अपुरा अधिकार लगेच ओरडतो; जादा अधिकार मुकाट बसून राहतो. १७६२ सालीं स्थापन झालेली लंडनची बेअरिंग्ज बँक फेब्रुवारी १९९५ मध्यें बुडाली, तेव्हां तिच्या सिंगापूरच्या कचेरींत सौदे करणें व त्यांचा हिशेब मिटविणें हीं दोन्हीं कामें निक लीसन या एकाच माणसाच्या देखरेखीखालीं होतीं. तोटा ८० कोटी पौंडांहून अधिक झाला.

माणकोलीचा अधिकार मिळाल्यावर काल्हेरचा काढून घेतला कीं नाहीं, हें विचारावयास कोणतीही मालमोटार दारांत उभी नसते. म्हणून बदलीच्या हुकुमाबरोबरच जुनी भूमिका काढण्याचा कागद जावा, आणि वर्षांतून एकदोनदां प्रत्येक नांवापुढील भूमिका वखारीच्या प्रमुखानें स्वतः वाचून पाहाव्यात. मालाची मागणी देणारा आणि माल पोंचल्याची नोंद करणारा एकच इसम त्या यादींत आढळला, तर त्यांपैकीं एक भूमिका त्याच दिवशीं काढावी.