पाण्याबाहेर पळणारी होडी

कोल्हापुराहून पुणें-बंगळूर महामार्गानें कागलकडे जाऊं लागलें म्हणजे पंचतारांकित औद्योगिक वसाहतीची पाटी लागते. ‘पंचतारांकित’ हें विशेषण एरव्हीं उपाहारगृहांना लावतात. येथें तें ओतकामाच्या भट्ट्यांना, लेथांना आणि कापडाच्या गिरण्यांना लागलेलें आहे. या वसाहतींत दिवसपाळी करणाऱ्या एखाद्या टर्नरनें, समजा, घरच्या मुलाच्या हट्टाखातर विजेवर चालणारी आणि बिनतारी यंत्रानें काठावरून हांकतां येणारी वेगवान जोडहोडी बांधावयास घेतली, तर त्याला काय काय अवगत असावें लागेल? खेळणें म्हणून तिच्याकडे पाहणारा पहिल्याच दिवशीं फसतो. अवघ्या ऐंशी सेंटिमीटर लांबीच्या या होडीच्या पोटांत तीन अश्वशक्ति कोंडलेली असते, म्हणजे उसाच्या मळ्याला पाणी पाजणाऱ्या विहिरीवरील पंपाइतकी.

अशा होडीस ‘कॅटमरान’ म्हणतात. हा शब्द इंग्रजांनीं तमिळ भाषेंतून उचलला. ‘कट्टु’ म्हणजे बांधणें आणि ‘मरम्’ म्हणजे लांकूड. मूळ वस्तु ओंडके एकत्र बांधून केलेला कोळ्यांचा तराफा. पुढें दोन निमुळतीं होडकीं आडव्या फळीनें जोडलेल्या नौकेसही तेंच नांव पडलें. बिनतारी होडीही वाटते तितकी अलीकडची नव्हे. १८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें बॅटरीवर चालणारी छोटी होडी हौदांत सोडून दुरून फिरवून दाखविली, आणि त्याच वर्षीं ८ नोव्हेंबरला त्याला पेटंट मिळालें. टेस्लाच्या होडीला मात्र वेगाची घाई नव्हती.

वेगाचें कोडें असें आहे. पाणी हवेपेक्षां सुमारें आठशें पट जड. होडी पाणी कापीत चालली कीं तिच्या नाकाशीं एक लाट उठते. वेग वाढला कीं लाटेची लांबी वाढते, आणि ती होडीएवढी झाली म्हणजे होडी स्वतःच केलेल्या खड्ड्यांत सांपडते. ऐंशी सेंटिमीटरच्या होडीला हा अडसर तासाला अवघ्या चार किलोमीटरच्या सुमारास येतो. रंकाळ्यावर सायंकाळीं फिरावयास निघालेला पेन्शनरही तिच्या बरोबरीनें चालेल. होडकीं निमुळतीं केलीं तर लाट कांहींशी कमी उठते खरी. परंतु तासाला ऐंशी किलोमीटरची अपेक्षा असेल तर तेवढ्यानें भागत नाहीं, आणि नुसती मोटर मोठी करूनही भागत नाहीं. होडीनें पाण्यांतून वर आलें पाहिजे. तळ योग्य त्या बेताचा सपाट आणि मागची कड धारदार ठेवली, तर एका वेगानंतर पाणीच तिला वर ढकलतें व ती पाण्यावरून घसरूं लागते. दोन होडक्यांमधील बोगद्यांत शिरलेली हवाही दाबली जाऊन तिला उचलूं लागते. पूर्ण वेगांत पाण्याला शिवून राहतात ते होडक्यांच्या मागच्या टोंकांचे थोडे भाग, सुकाणूं, आणि प्रॉपेलरचें अर्धें वर्तुळ, एवढेंच.

पण उचलणारी हवा हीच उलथविणारीही ठरते. नाक मर्यादेपलीकडे वर गेलें आणि समोरून वाऱ्याचा झोत आला, कीं होडी मागच्या मागें कोलांटी खाते. एकेरी होडी आपोआप सुलट होईल अशी घडवितां येते. जोडहोडी उलथी पडली कीं तशीच राहते, कारण पालथी असतांनाही ती तितकीच स्थिर असते. म्हणून सर्व वजनाचा मध्य कोठें पडतो हें आधींच दोन बोटांवर तोलून पाहिलें पाहिजे. तो मागच्या कडेपासून लांबीच्या सुमारें तीस टक्क्यांवर ठेवण्याचा प्रघात आहे. येथें तें अंतर चोवीस सेंटिमीटर भरतें. बॅटऱ्या पुढें-मागें सरकवितां येतील अशा बसवितात त्या याचसाठीं. वारा असला कीं बोटभर पुढें, पाणी शांत असलें कीं किंचित् मागें. होडक्यांच्या नाकांत फोम भरावा, म्हणजे पाणी शिरलें तरी होडी तळ गांठीत नाहीं. आणि जास्त राळ ओतली म्हणजे जास्त बळकटी, हा समज सोडावा. बळ कांचतंतूंच्या कापडाचें असतें, राळ तें धरून ठेवण्यापुरती.

मोटरीचें गणित मात्र सोपें. ब्रश नसलेल्या मोटरीवर १६०० हा आंकडा असला तर त्याचा अर्थ एका व्होल्टला मिनिटास १६०० फेरे. सहा घटांची लिथियम-पॉलिमर बॅटरी २२.२ व्होल्ट देते. म्हणजे मोकळी मोटर ३५,००० हून अधिक फेरे घेईल, पाण्याचा भार पडल्यावर सुमारें २८,०००. प्रॉपेलर एका फेऱ्यास ५९ मिलिमीटर पुढें जाणारा असेल तर हिशेब तासाला ९९ किलोमीटरांचा होतो. पाणी लांकडासारखें घट्ट नसल्यानें प्रॉपेलर घसरतो, आणि हातीं ऐंशी-पंच्याऐंशी उरतात.

कागलच्या कारागिराची खरी परीक्षा शाफ्टाशीं आहे. मोटरीपासून मागच्या स्ट्रटपर्यंत जाणारा शाफ्ट ताठ सळईचा नसून पोलादी तारांच्या पिळाचा, लवचिक असतो. जोर पडला कीं पीळ आवळतो आणि शाफ्ट आंखूड होतो. म्हणून स्ट्रट व प्रॉपेलरची कॉलर यांमध्यें कांहीं मिलिमीटरांची फट सोडावी लागते. ती न सोडणाऱ्याचा शाफ्ट ऐन वेगांत आवळून बसतो. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत माप घेण्याची संवय असलेल्या हाताला येथें शिकवावें लागत नाहीं. प्रॉपेलरला धार लावून त्याचा तोल साधणें हेंही त्याच हाताचें काम. मात्र प्रॉपेलर बेरिलियम-तांब्याचा असेल तर तो पाण्याखालींच घांसावा, कारण त्याची धूळ फुप्फुसांना विषारी असते. लेथशाळेंतील सराईत माणूस नेमका धुळीच्या बाबतींत बेफिकीर असतो.

बावीस व्होल्टांवर शंभर अँपियर ओढले म्हणजे बावीसशें वॅट. तीच ती तीन अश्वशक्ति. प्रवाह दुप्पट झाला तर तारांतील उष्णता चौपट होते, म्हणून सुकाणवांतील छिद्रांतून वेगाच्याच जोरानें पाणी चढवून तें मोटर व वेगनियंत्रक यांच्याभोंवतीं फिरवितात. पांच अँपियर-तासांची बॅटरी या हिशेबानें तीन मिनिटांत संपते. महिनाभराच्या बचतीचा मोठा तुकडा बॅटऱ्यांत जातो आणि खेळ तीन मिनिटांचा, हें घरांतील मंडळींना आधींच सांगितलेलें बरें. भोंसकलेली किंवा फुगलेली बॅटरी पेट घेते. भारण करतांना ती नजरेआड ठेवूं नये, आणि तिच्यांत पाणी गेलें असेल तर घरांत मुळींच आणूं नये.

बिनतारी लहरी पाण्यांतून पार होत नाहींत, म्हणून ग्राहकयंत्राची तार होडीबाहेर उभी काढावी. संदेश तुटतांच मोटर आपोआप थांबेल अशी योजना आधीं बसवावी आणि काठावर, प्रॉपेलर काढून, प्रेषक बंद करून ती पारखून घ्यावी. कागलचा जयसिंगराव तलाव असो कीं दूधगंगेचा डोह, परवानगी घेऊन, पोहणारीं माणसें व धुण्यास उतरलेल्या बाया नसतील अशाच वेळीं होडी सोडावी. पात्यासारखी धार असलेला प्रॉपेलर पोहणाऱ्याला ओळखीत नाहीं. उलथलेली होडी आणावयास पोहत जाऊं नये. लांब दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तिच्या पलीकडे फेंकावा व ती हळू ओढून घ्यावी.

घरीं आल्यावर शाफ्ट नळींतून ओढून काढावा, कोरडा पुसून पाण्यानें न धुपणारें ग्रीस लावून परत घालावा, आणि बॅटरीचा प्रत्येक घट सुमारें ३.८ व्होल्टांवर आणून ठेवावा.